आम्लाने न खाल्लेले पट्टे

पडद्यावर आपण जे पान पाहत आहात, ते प्रत्यक्षात पोस्टकार्डापेक्षाही लहान, उंचीला सुमारे ११ सेंटिमीटर आहे. इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक यांनी १७९४ साली लंडनमध्ये स्वतः छापलेल्या कवितासंग्रहातील हे ‘वाघ’ या कवितेचे पान. उजव्या कडेने झाडाचे खोड वर चढते, त्याच्या निष्पर्ण फांद्या कडव्यांच्या मधून डावीकडे पसरतात आणि तळाशी वाघ उभा आहे, डावीकडे तोंड करून, चारही पाय जमिनीवर टेकवून.

या वाघाकडे पाहून वाचक हमखास बुचकळ्यात पडतो. वर शब्दांत आग, हातोडा, ऐरण आणि घडवणाऱ्याच्या धाडसाविषयीचे प्रश्न. खाली मात्र गोल डोळ्यांचा, जत्रेतल्या खेळण्यासारखा प्राणी. ब्लेक यांना वाघ काढता येत नव्हता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच काळातील चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांनी घोड्यांचे विच्छेदन करून स्नायू अभ्यासले होते आणि बंगालचा गव्हर्नर रॉबर्ट क्लाइव्हने मार्लबरोच्या ड्यूकला, म्हणजे एका इंग्रज उमरावाला, भेट दिलेली वाघीणही रंगवली होती. त्या वाघिणीशेजारी हा वाघ गरीबच दिसणार. पण माझ्या मते आपण चेहऱ्याकडे फार वेळ पाहतो आणि पट्ट्यांकडे पुरेसे पाहत नाही.

नेहमीच्या एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने पत्रा कोरून चित्र छापण्याच्या पद्धतीत, तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढतात. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाते, त्या खाचांत शाई भरतात आणि दाबयंत्राखाली ती ओल्या कागदावर उतरते. आपले ताम्रपटही कोरलेलेच, म्हणजे त्यांतही अक्षर खोल जाते. ब्लेक यांनी १७८८च्या सुमारास हे उलटे केले. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने त्यांनी पत्र्यावर चित्र काढले, मजकूरही उलट्या अक्षरांत लिहिला आणि उरलेले तांबे आम्लाला खाऊ दिले. छापायची रेघ उंच राहिली, कापडावर छाप उठवणाऱ्या लाकडी ठशासारखी.

आता पुन्हा वाघाच्या पाठीकडे पाहा. गडद पट्टा म्हणजे जिथे कुंचला फिरला आणि आम्लाला शिवता आले नाही ती जागा. दोन पट्ट्यांमधला उजेड म्हणजे खाल्ले गेलेले तांबे. केसाएवढ्या बारीक रेघांची दाट जाळी या पद्धतीत सहजी जमत नाही, म्हणून अंगावरची लव नाही, स्नायूंचा उठाव नाही. आहेत ते कुंचल्याचे जाड, ठाम फटकारे. आणि तेच फटकारे वर अक्षरे झाले आहेत, फांद्याही झाले आहेत. (मूळ पानाचे मोठे छायाचित्र मिळाले, तर शेवटच्या ओळीतले एखादे अक्षर आणि खांद्यावरचा पट्टा शेजारी ठेवून पाहावे, हात एकच आहे हे लगेच कळते.) भट्टी आणि घडाई यांविषयी विचारणारी ही कविता ज्या धातूवर लिहिली, तोही असाच जाळून घडवलेला होता.

छापून झाल्यावर ब्लेक आणि त्यांची पत्नी कॅथरिन पानांवर जलरंग चढवत. त्यामुळे एका प्रतीतला वाघ पिवळसर, तर दुसरीतला अगदी निराळ्याच रंगाचा असतो, आणि डोळ्याभोवती रंग जरा इकडेतिकडे झाला की चेहऱ्यावरचा भावही पालटतो. पट्टे मात्र सर्व प्रतींत त्याच जागी असतात. या पानाचा मूळ पत्रा आज उरलेला नाही, त्यामुळे त्या उंच रेघांवरून बोट फिरवणे आता शक्य नाही.