पडद्याअलीकडचा प्रश्न

निफाड तालुका. द्राक्षांची काढणी चालू आहे. बायका उजाडताच बागेत शिरतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर जेवणाच्या सुट्टीत, बांधावरच.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी कराल का, हे आशाताईंनी विचारून झालंय. "येते ना ताई," सगळ्या म्हणाल्या. आल्या थोड्याच. रोज दारावर येणाऱ्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणणार? म्हणून आज विचारणारी परकी आहे, नाशिकहून आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी. आशाताई मुद्दाम लांब, शेडपाशी उभ्या आहेत.

पुठ्ठ्यावर पाच चेहरे आहेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. उत्तर म्हणून बोट ठेवायचं. लाज वाटेल का? दुखेल अशी भीती आहे? घरी कुणाला विचारावं लागेल? तपासून उपयोग होतो, हे पटतं का? लाजेच्या प्रश्नावर बोट लगेच पडतं. रोज बुडेल त्याचं काय, इथे मात्र हात थांबतो. चेहऱ्याचा नंबर रकान्यात जातो आणि ती जे बोलते ते वहीच्या समासात. आम्हा पाहणी करणाऱ्यांना तो समास जास्त मोलाचा वाटतो.

तपासणी होते ती आरोग्य उपकेंद्रात, हिरव्या पडद्यामागे. तिथे गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. पेशी बदललेल्या असतील तर तो भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे ही तपासणी डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के. उरलेल्यांमध्ये नको म्हणालेल्या किती आणि जिला कुणी विचारलंच नाही अशा किती, ते या आकड्यातून कळत नाही. ते कळायला असं बांधावर बसावं लागतं. निदान उशिरा झालं की उपचार लांबतात, खर्च वाढतो, कधी माणूस जातं.

पडद्यातून बाहेर आलेल्या बाईपुढे पुन्हा तोच पुठ्ठा. परत याल? जावेला पाठवाल?

बांधावर शेवटची बाई. बोट मधल्या चेहऱ्यावर. डबा बांधता बांधता ती विचारते, "पोरी, संध्याकाळी असतं का गं हे? बाग सुटल्यावर?"

समासात लिहिलं जातं: साडेसहानंतर.