कॅटमधलं कडं आणि फुटलेला तारा

[दृश्य: इंदूर, पहाट. केंद्राचं फाटक.]

इंदूरकर ज्याला अजूनही ‘कॅट’च म्हणतात, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 नावाचं एक कडं आहे. घेर सुमारे 172 मीटर. त्याच्या नळीत इलेक्ट्रॉन सेकंदाला 17 लाखांवर प्रदक्षिणा घालतात. 16 मोठे चुंबक त्यांना वळवतात, आणि दर वळणाला ते थोडी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात समोर फेकतात. नळीत हवा उरली, तर तिच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन विखुरतात, झोत विरतो. म्हणून निर्वातासाठी एवढा आटापिटा.

[दृश्य: काळं आकाश.]

आता सूर्याच्या पंचवीसेकपट वजनाचा तारा घ्या. गाभ्यात सिलिकॉनचं लोखंड होतं, आणि लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा सुटत नाही. आधार गेला, की गाभा सेकंदभरात कोसळतो. तो गरगर फिरत असेल, तर नव्या कृष्णविवराभोवती पदार्थाची चकती जमते आणि अक्षाच्या दोन्ही टोकांना पदार्थाचे झोत सुटतात. गॅमा किरणांची झळक निघते ती या झोतांतूनच. खरी अडचण पुढेच. तारा भेदून बाहेर यायला झोताला काही सेकंद लागतात. तेवढ्यात चकती आटली, किंवा वर हायड्रोजनचं जाड आवरण शिल्लक असलं, तर झोत आतच गुदमरतो. तारा फुटलेला दिसतो, गॅमा किरण मात्र नाहीत. झोत सुटलाच, तरी रोख आपल्याकडे हवा. कोन जेमतेम काही अंशांचा!

अशी गॅमा झळक बहुधा 2 सेकंदांहून जास्त टिकते. 1967 मध्ये अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या व्हेला उपग्रहांना ती पहिल्यांदा दिसली. पण नुसत्या झळकेवरून अंतर कळेना. ती जवळची की दूरची, हा वाद तीस वर्षं चालला. तो सुटला मागे रेंगाळणाऱ्या उजेडामुळे. 28 फेब्रुवारी 1997 च्या झळकेनंतरचा असा उजेड बेप्पोसॅक्स उपग्रहानं प्रथम टिपला.

हा उजेड येतो कुठून? झोत भोवतालच्या वायूवर धडकतो, आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेऊ लागतात. म्हणजे कॅटमधलाच प्रकार, फक्त चुंबक कुणी बसवलेले नाहीत.

9 ऑक्टोबर 2022 ची झळक सुमारे 200 कोटी प्रकाशवर्षांवरून आली. तरी किरणांचा मारा एवढा, की काही उपग्रहांवरच्या शोधक उपकरणांना मोजणी झेपेना. पृथ्वीच्या आयनांबरातही, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातही, खळबळ उडाली.

धडकेचा जोर ओसरला, की उजेड क्ष-किरणांतून रेडिओ लहरींकडे उतरतो. तो महिनोन्‌महिने ऐकायला नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत.