लोअर केलेल्या गाडीला मोठे व्हील: आधी साइडवॉल बघा

मागं ऐकू येतंय ना सगळ्यांना? बरं. मघाशी चहाच्या वेळी बरेच जण एकच विचारायले होते, गाडी लोअर केलीय, म्हणजे स्प्रिंग बदलून खाली घेतलीय, आता सतरा इंची व्हील टाकू का अठरा. माझं म्हणणं आधीच सांगतो, इंच नंतर ठरवा, आधी टायरची साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधली रबरी बाजू, किती उरती ते बघा, कामून की आपल्याकडच्या खड्ड्यात पहिला मार ती खाती, स्प्रिंग नंतर.

स्विफ्टचं घ्या. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतं. १८५ म्हणजे मिलिमीटरमधी रुंदी आणि त्याच्या ६५ टक्के साइडवॉल, म्हणजे १२० मिलिमीटर रबर, आर १५ म्हणजे १५ इंची रिम, आणि पूर्ण चाकाची उंची ६२१ मिलिमीटरच्या आसपास. त्याच गाडीला २०५/४५ आर १७ टाकलं तर उंची येती ६१६, एक टक्कासुद्धा फरक नाही, स्पीडोमीटरचंही काही बिघडत नाही, पण साइडवॉल उरली ९२. हे जे २८ मिलिमीटर गेले ना, त्यांच्यामुळंच रिम वाकती. १९५/५५ आर १६ घेतलं तर उंची पुन्हा ६२१ आणि साइडवॉल १०७. समृद्धीवर सतरा मस्त वाटतं, मला मान्य आहे, पण जालन्याला खाली उतरून मंठ्याकडं वळलात की काळी माती सुरू, ती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती, त्यामुळं वरचं डांबर नवं असलं तरी कडा खचतात, लाटा पडतात. आणि स्पीडब्रेकर? इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, आपल्या फाट्याफाट्यावरचे तुम्ही रोज बघताच. म्हणून लोअर गाडीला एक इंच वाढवा, दोन नको, हे मी ठामपणे सांगतो.

आता एक गैरसमज. मोठं व्हील टाकलं की गाडी उचलती आणि लोअरिंगची कसर भरून निघती असं लई जणांना वाटतं. नाही निघत. पूर्ण चाकाची उंची तीच असली तर रिम कितीही मोठी करा, पोटाखालची जागा तेवढीच राहणार. आणि उंची समजा २० मिलिमीटरनं वाढवली तर गाडी १० च उचलती, पण टायर मडगार्डात आणखी १० वर जातं, जिथली जागा तुमच्या स्प्रिंगनं आधीच खाल्लीय. आणि ग्राइंडरनं स्प्रिंग कापून गाडी खाली घेतलेली असली तर व्हीलचं सोडा, आधी स्प्रिंग बदला, चाक हवेत लटकलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकती.

खरा घोळ ऑफसेटचा, म्हणजे चाक ज्या हबवर, गाडीच्या ज्या भागावर, बोल्टनं बसतं, ती टेकायची जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर लांब आहे त्याचा. रिमवर तो ईटी म्हणून लिहितात, आणि ६ जे म्हणजे ६ इंच रुंद रिम. समजा ६ जे ईटी ४५ ची रिम काढून ७ जे ईटी ३५ ची बसवली. रुंदी वाढली २५ मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी, वरून ऑफसेटनं चाक १० बाहेर ढकललं, म्हणजे आत जेमतेम ३ आणि बाहेर जवळपास २३ मिलिमीटर. तीन-चार माणसं बसली, गाडी दबली की मागचं टायर फेंडरची कड घासायलाच लागतं. पीसीडी ४ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या गोलावर चार बोल्ट, जुळलं म्हणजे व्हील बसलं असं नसतं, स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे आणि रिमचं मधलं भोक त्याच्यापेक्षा मोठं असलं तर ती फट भरणारी हब रिंग पाहिजेच, नाहीतर ८०-१०० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं.

विकत घ्यायच्या आधी एक करा. मिस्त्रीला एका कोपऱ्याची स्प्रिंग काढायला सांगा, नवं व्हील टायरसकट लावा, लोअर आर्मखाली, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली, जॅक देऊन बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाला वर जाण्यापासून अडवणाऱ्या रबरापर्यंत, उचला आणि स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवा. कुठं घासतं ते तिथंच दिसतं. ह्याला दुकानदार कुरकुरतात, तरी करून घ्या.

टायर ताणून रुंद रिमवर चढवायची फॅशन आलीय. २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात जे रिम चालती, ह्याच्या बाहेर गेलात तर खड्ड्यात टायर रिमवरून सुटू शकतं आणि गाडीत तुमच्या घरची माणसं असतात. लोड इंडेक्सपण वाचा, टायर किती वजन पेलतं त्याचा तो नंबर, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. हवा सकाळी गार टायरमधी मोजा, मे महिन्यात दुपारी मोजून हवा काढू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, म्हणून कंपनीनं तुमच्याच मॉडेलला दिलेल्या साइजच्या जवळ राहा.

आणि दुकानात गेलात की चाक उलटं करा. मागच्या बाजूला रुंदी, ईटी आणि जेडब्ल्यूएल असा शिक्का बघा, जेडब्ल्यूएल म्हणजे अलॉय व्हीलचं जपानी मानक. काहीच लिहिलेलं नसलं तर किती का स्वस्त असंना, ती रिम तिथंच ठेवा. आता विचारा काय विचारायचं ते, गाडीचं मॉडेल आणि सध्याची टायर साइज आधी सांगा.