उरेकी: लोहचुंबकाला दाढी फुटवणारी वाळू

(दृश्य: दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक वाळूवरून ओढलं जातंय. अगदी जवळून.)

साधं लोहचुंबक आहे. वाळूतून फरफटत नेलं, की दहा पावलांत त्याला काळी, राठ दाढी फुटते. बोटानं पुसायला जावं तर कण बाजूला सरकतात, पण सुटत नाहीत. शाळेत कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस नाचवायचो, तोच हा प्रकार. इथं फक्त कीस कुणी आणून टाकलेला नाही.

(दृश्य: पाइनची झाडं, मागे किनारा)

हे उरेकी. जॉर्जियाच्या पश्चिमेला गुरिया प्रांत आहे, त्यातलं काळ्या समुद्राकाठचं हे गाव. बातुमीहून उत्तरेला गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. आपल्याकडची जी मुलं तिथं एमबीबीएसला आहेत, त्यांना बातुमीचा किनारा ठाऊक असेल: सगळे गोटेच गोटे, अनवाणी चालायची सोय नाही. उरेकीला वाळू आहे, आणि ती काळी आहे. समुद्राच्या नावाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ही वाळू समुद्राची नाही, डोंगराची आहे. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखी धगधगत होते. त्यांच्या लाव्हारसातून जो खडक झाला, त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण अडकून राहिले. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन; वजनात जवळपास 72 टक्के लोखंडच. मग पावसानं खडक झिजवला आणि नद्यांनी तो चुरा खाली वाहून आणला. 108 किलोमीटर लांबीची सुप्सा इथून उत्तरेला समुद्राला मिळते, नातानेबी दक्षिणेला.

(दृश्य: लाट येते, परतते. वाळूवर काळ्या-करड्या रेघा उरतात.)

पुढचं काम लाटांचं. ही रेघ नीट बघा. येणारी लाट सगळंच वर घेऊन येते. परतताना तिचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे हलकं तेवढं ती ओढून नेते. गारगोटीचा कण पाण्याच्या अडीचपट जड, मॅग्नेटाइटचा पाचपट. म्हणजे काळा कण जागीच बसतो. आपल्या आया सुपात धान्य पाखडायच्या, तसा समुद्र इथं वाळू पाखडत बसलाय, हजारो वर्षं. रत्नागिरीला मांडवीची वाळू काळी दिसते त्यामागेही हेच पाखडणं आहे. तिथं खडक सह्याद्रीचा आणि काळ्या कणांत भर इल्मेनाइटचा, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम असलेल्या खनिजाचा.

कोकणातल्या माणसाला इथं एक गोष्ट मात्र चुकल्यासारखी वाटते. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! सकाळी जिथं चटई टाकली, तिथंच संध्याकाळपर्यंत बसा. पाणीही आपल्या समुद्राच्या निम्मंच खारट.

(दृश्य: आजी नातवाच्या पायांवर वाळू लोटते आहे. इथे निवेदन नाही, 20 सेकंद फक्त लाटांचा आवाज.)

आजीला इथं बेबिया म्हणतात. सोव्हिएत काळात या किनाऱ्यावर लहान मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. हाडांची, सांध्यांची दुखणी असलेली मुलं इथं आणायची आणि उन्हानं तापलेल्या वाळूत निजवायची, हा उपचार. वाळूतल्या चुंबकानं दुखणं बरं होतं, याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. उबेनं अंग मोकळं होतं, पोरं दिवसभर हवेत खेळतात, एवढं मात्र समोर दिसतं. तेवढ्यावर बेबिया दरवर्षी येतात.

दुपारी वाळू अशी तापते, की चप्पल विसरलेला माणूस नाचतच पाण्याकडे पळतो. त्याच वाळूतून पाटी सावरत कणीसवाली जाते. उकडलेली कणसं, चीज भरलेली रोटी म्हणजे खाचापुरी, आणि या दोऱ्यावर लटकलेल्या मेणबत्त्यांसारख्या दिसतात त्या चुर्चखेला: दोऱ्यात ओवलेले अक्रोड, पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले. जून ते सप्टेंबरची सुरुवात, एवढाच काय तो हंगाम.

(दृश्य: ऑक्टोबर. बंद शटर, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.)

वाळू नदीकडून येते, हे लक्षात ठेवूनच पुढचं ऐका. दक्षिणेला चोरोखी नदीवर तुर्कस्तानात मोठी धरणं झाली आणि बातुमीच्या बाजूला येणारा गाळ आटला. जॉर्जियाचा किनारा जागोजागी खचतो आहे. वाळू म्हटलं की ज्यांना आधी डंपर आठवतो, त्यांना यापुढचं सांगायला नको.

(दृश्य: घरातलं टेबल. पर्सचं चुंबकी बटण.)

हे शूटिंग मुंबईतलं. परत येऊन आठवडा झाला होता. पर्स दोनदा झटकली, ओल्या फडक्यानं पुसली, तरी बटणाच्या कडेला काळी किनार आहेच. शेवटी चिकटपट्टी लावून काढली. ती पट्टी आता वहीत आहे, तारीख घालून.