बोनेटवर सिंह, मागच्या सीटवर आपण
परदेशातल्या काही झूमध्ये देखाव्यासाठी अशी गाडी ठेवतात. अर्धं धूड सिंहाच्या पिंजऱ्याच्या आत, अर्धं बाहेर, मधात जाड काच. मागून चढायचं, सीटवर बसायचं, अन् समोर बोनेटवर सिंह पसरलेला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहरात बुश गार्डन्स म्हणून पार्क आहे, तिथे १९९७ मध्ये आफ्रिकेच्या थीमचा भाग उघडला, त्यात अशी सफारी गाडी आहे.

गाडी चालत नाही, चालायची गरजही नाही. असली गाडी ठेवायची म्हणजे इंजिन, तेल, बॅटरी सगळं काढायचं, धारदार पत्रे घासून टाकायचे, उरतो तो नुसता सांगाडा. मग सिंह तिथेच का येऊन बसते? आपल्यासाठी नाही बाप्पा. मांजरीच्या जातीला उंचवटा आवडते, सगळीकडे नजर ठेवता येते, आणि थंड देशातल्या झूमध्ये काचेजवळचा दगड किंवा पत्रा आतून गरम ठेवतात, म्हणून तो स्वतःच्या मर्जीनं येते, अन् आपल्याला वाटते की पोज देऊन राहिला.

लंडन झूनं तर २०१६ मध्ये गुजरातचं सासण गीरच उभं केलं, रेल्वे स्टेशन, बाजारातली गल्ली, रिक्षा, सगळं. उद्घाटनाला राणी एलिझाबेथ. आपल्या स्टँडवर ज्या रिक्षाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिच्यासोबत तिकडे लोक तिकीट काढून फोटो काढतात.

आपल्याकडे उलटं आहे. नागपूरजवळ गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ ला इंडियन सफारी सुरू झाली, तिथे बस खरीच चालते, आपण आत कोंडलेले आणि वाघ, बिबट, अस्वल बाहेर मोकळे. ताडोबात जिप्सी. पण उद्या इकडच्या एखाद्या झूमध्ये असा प्रॉप, म्हणजे देखाव्याची गाडी, ठेवायचा ठरला तर तिकडची कॉपी चालणार नाही. परदेशात आवडता देखावा कोणता, तर ठोकलेली जीप, उघडं दार, विखुरलेलं सामान, ड्रायव्हर गायब. तिकडे तो गमतीचा थरार. इथे मोहर्लीकडच्या किंवा उमरेडकडच्या जंगलाकाठच्या गावात कोणाच्या घरचं माणूस मोहफुलं वेचायला गेलं अन् वापस आलंच नाही, त्या घरच्या पोराला ह्यात काय गंमत दाखवणार तुम्ही?

ठेवायचीच तर बंडी, म्हणजे बैलगाडी ठेवा, नाहीतर भंगारात निघालेली लाल एसटी, खिडक्या मोठ्या, म्हाताऱ्यांनाही बसून पाहता येईल. आणि गरम बोनेट तर विसराच! नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पत्र्यावर पोळी भाजल, वाघ कशाला बसतो तिथे. उन्हाळ्यात वाघ तासन् तास पाण्यात बसून राहते, ताडोबाच्या पाणवठ्यावर हेच तर पाहायला लोक जातात. म्हणून एसटीचं तोंड पाण्याच्या टाक्यात उतरवा, वर सावली द्या, काच पाण्याच्या बरोबरीनं ठेवा, वाघ आपोआप ड्रायव्हरच्या केबिनला टेकून बसल.

टायर मात्र आतल्या बाजूला नको, रबर चावून गिळलं तर जनावराच्या आतड्यात अडकते. आणि मागचा दरवाजा रुंद पाहिजे भाऊ, शाळेची सहल आली की सगळी पोरं एकदमच घुसतात, अन् मास्तर बाहेर शिट्टी वाजवत राहते.