बाहेर उभा राहिलेला माणूस

३ ऑगस्ट १९२३. कलकत्त्यातलं शांखारीटोला पोस्ट ऑफिस. मागच्या खोलीत सब-पोस्टमास्तर टेबलाशी बसून पैसे मोजतायत. अंगणाकडच्या दारातून काही माणसं आत शिरतात, पैसे द्या म्हणतात आणि लगेच पिस्तुलं झाडतात. एक गोळी हाताला लागते, एक काखेजवळ. पोस्टमास्तर जवळजवळ जागीच गेले.

एक पैसाही न उचलता मंडळी पळाली, प्रत्येक जण वेगळ्या वाटेने. त्यातल्या एकामागे पोस्टातला एक कर्मचारी धावला, सोबत आणखी काही जण. पळणारा गोळ्या झाडत होता, तरी यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी त्याने पिस्तूल फेकलं आणि तो हाती लागला. बारेंद्रकुमार घोष. बाकीचे निसटले ते निसटलेच. जीव धोक्यात घालून धावलेली ही माणसं नसती, तर हा खटलाच उभा राहिला नसता.

घोषचा बचाव असा होता : मी खोलीत नव्हतोच. अंगणात उभा होतो, घाबरलेला. पोस्टमास्तरांवर मी गोळी झाडली नाही.

कलकत्ता हायकोर्टात न्यायमूर्ती पेज यांनी ज्युरीला सांगितलं : सगळ्यांचा मिळून जो उद्देश होता, तो तडीस नेताना हा खून झाला अशी तुमची खात्री असेल, तर जीवघेणी गोळी याची होती की नव्हती, याने फरक पडत नाही. ज्युरीने एकमताने दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली आणि प्रकरण शेवटी लंडनला, त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं.

सगळा वाद भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ भोवती फिरत होता. अनेकांनी सामाईक उद्देश साधण्यासाठी गुन्हा केला, तर त्यातला प्रत्येक जण तो एकट्याने केल्यासारखाच जबाबदार. ‘सामाईक उद्देश’ हे शब्द मूळच्या १८६० च्या कलमात नव्हते, १८७० मध्ये घातले गेले. बचावाचे वकील म्हणाले, प्रत्येकाने तीच कृती केली असेल तरच हे कलम लागतं. प्रिव्ही कौन्सिलचे न्यायाधीश लॉर्ड समनर यांनी हे खोडून काढलं. प्रत्येकाने तीच कृती केली असेल, तर प्रत्येक जण आपापल्या कृतीनेच दोषी ठरतो, मग कलम ३४ हवंच कशाला? नुसतं उभं राहून वाट पाहणाराही कामच करत असतो, हे त्यांनी एका जुन्या इंग्रजी कवितेची ओळ वापरून सांगितलं. अपील फेटाळलं गेलं.

मला हा निकाल पटतो. दारावर पहारा असतो म्हणूनच आतल्याचा हात चालतो. पण याच तर्काची दुसरी बाजू भीतीदायक आहे, आणि ती सिंधू नदीच्या काठी दिसली.

ऑगस्ट १९४३. अल्लादाद काही जणांसोबत होडीतून बोरू कापायला गेला होता. परत येताना जमीनमालकाच्या पुतण्याने, कासिम शाहने, बोरूच्या पेंढ्या मागितल्या. झटापट झाली. अल्लादादने होडी ढकलायचा बांबू त्याला हाणला. कासिमची आरोळी ऐकून वली शाह आणि महबूब शाह बंदुका घेऊन धावत आले. वलीच्या गोळीने अल्लादाद मेला. महबूबने दुसऱ्याच माणसावर गोळी झाडली, तो थोडक्यात बचावला. वली फरार झाला. सापडलेला महबूब होता १९ वर्षांचा, आणि खुनासाठी फाशीची शिक्षा त्याला झाली.

१९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने खुनाची ती शिक्षा रद्द केली. दोघं कासिमला सोडवायला धावले होते. मारायचं असं त्यांच्यात आधी ठरल्याचा पुरावा नव्हता. दोघांच्या मनात एकाच वेळी सारखा विचार असणं वेगळं, आणि दोघांनी मिळून एक बेत करणं वेगळं.

तो बेत दिवसभर आधीच व्हावा लागतो असं नाही. ऐन जागेवर, क्षणभरातही होऊ शकतो. पण तो सिद्ध व्हावा लागतो : कोण कुणासोबत आलं, हातात काय होतं, कोण काय ओरडलं, कोण कुणासोबत पळालं.

१ जुलै २०२४ पासून कलम ३४ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) ने घेतली. आकडा बदलला, मजकूर तोच राहिला. फिर्यादीत चार नावं आली की हे कलम बहुतेकदा सोबत येतं. आरोपी क्रमांक चार फक्त रस्त्यावर उभा होता असं साक्षीदार सांगतो, तेव्हा तो तिथे का उभा होता, याचं उत्तर पुराव्यातूनच यायला हवं. ते नसेल, तर त्याला खुनासाठी जन्मठेप देण्याचा अधिकार कुठल्याही न्यायालयाला नाही.