चार आठवड्यांत जोडलेला जीनोम

नमस्कार श्रोतेहो. जीवशास्त्रातलं संशोधन खुलं ठेवायचं की त्यावर पेटंट घ्यायचं, हा विषय निघाला की २००० सालची एक हकिकत सांगावीच लागते.

मानवी जीनोम, म्हणजे माणसाच्या डीएनएतली सगळी अक्षरं क्रमानं वाचायची तेव्हा शर्यत लागली होती. एका बाजूला सेलेरा ही खासगी कंपनी, दुसऱ्या बाजूला अनेक देशांतल्या सार्वजनिक प्रयोगशाळा. या प्रयोगशाळांचं १९९६ सालीच बर्म्युडात ठरलं होतं : हजार अक्षरांहून लांब तुकडा जुळला, की २४ तासांत तो सगळ्यांसाठी खुला करायचा. होय, २४ तासांत! तुकडे जमले जवळजवळ ४ लाख, पण ते क्रमानं जोडणारा प्रोग्रॅमच हाताशी नव्हता. कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या विद्यापीठात जिम केंट हा जीवशास्त्राचा विद्यार्थी होता, मूळचा प्रोग्रॅमर. कंपनीनं आधी बाजी मारली तर जनुकांभोवती पेटंटचं कुंपण पडेल, ही त्याची धास्ती. पठ्ठ्यानं ४ आठवड्यांत सुमारे १० हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहून काढला. मनगटं इतकी दुखायची, की रात्री त्यांना बर्फ लावावा लागे. १०० पीसींवर तो प्रोग्रॅम चालवला. २२ जूनला जोडणी पूर्ण झाली, सेलेराच्या ३ दिवस आधी. ७ जुलैला सगळा मसुदा इंटरनेटवर आला, कुणालाही फुकट.

आणि खुलं म्हणजे वापरता येईल असं. पीडीएफमध्ये तक्ते डकवून ‘माहिती खुली केली’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. आकडे साध्या फाईलमध्ये द्या, स्तंभांना नावं द्या, एककं लिहा.

मग पेटंट नकोच का? तसं नाही. औषधाच्या रेणूवर वर्षानुवर्षं चाचण्या चालतात. संरक्षण नसेल तर त्यात पैसा घालायला सहसा कुणी पुढं येत नाही. तिथं क्रम पाळायचा : आधी अर्ज, मग प्रसिद्धी. पुन्हा सांगतो, आधी अर्ज, मग प्रसिद्धी. परिषदेतलं पोस्टर, प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला निबंध, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, ही सगळी प्रसिद्धीच. प्रसिद्धीनंतर अर्ज करायला अमेरिकेत वर्षभराची सवलत मिळते, युरोपात जवळजवळ नाहीच.

अर्ज दाखल झाला, की दुसऱ्या दिवशी निबंध छापायला हरकत नाही. इतर देशांतले अर्ज पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १२ महिन्यांत करायचे. मात्र घाईघाईनं नुसता गोषवारा जोडून तात्पुरता अर्ज करू नका. जो तपशील त्यात नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. आणि मग मधल्या काळात छापलेला आपलाच निबंध आपल्या पेटंटच्या आड येतो.